मांजर, छत्री आणि उरलेला स्क्रू

तीर्थरूप दादांना,

(मेहुणा तीर्थरूपांत मोडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही वयाने मोठे. शिवाय तुमच्या एका वस्तूचं मी काय केलं ते पुढे वाचाल, तेव्हा माझ्याविषयी तुमच्या मनात जे येईल त्यावर हा मायना आगाऊ उतारा म्हणून उपयोगी पडावा.) नमस्कार. तुमची पाठदुखी, वहिनींची बदली आणि तिकडची हवा ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो, कारण फोनवर विचारलं की तुम्ही तिन्हींना मिळून "चाललंय" एवढंच म्हणता. इकडे सगळे खुशाल. तुमच्या धाकट्या बहिणीची प्रकृती उत्तम आणि आवाज त्याहून उत्तम. आई मजेत. हे पत्र कुठल्याही कामासाठी नाही. आपलं सहज लिहितोय.

आधी एक गाऱ्हाणं मांडतो, म्हणजे मन मोकळं होईल. माणसाने पहिल्यांदा स्क्रू केला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक सरळ खाच पाडली. ती माणुसकीची खाच होती. स्क्रूड्रायव्हर सापडला नाही तर सुरीचं टोक, सुरी देत नसतील तर नाणं, नाणंही नसेल तर अंगठ्याचं नख. कुणालाही ती नाही म्हणत नसे. पुढे कुणीतरी बेरजेच्या चिन्हाची खाच काढली. तीही आपण सोसली, माणूस सोशिकच आहे. पण तुमच्या त्या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पाठीवर ज्याने तीन पाकळ्यांची खाच पाडली, त्याचा आणि मानवजातीचा काहीतरी जुना तंटा असला पाहिजे. घरातल्या एकाही हत्याराला ती दाद देईना. मी सुरी लावली, सुरी वाकली. कात्री लावली, कात्री सुटली आणि अंगठ्यात गेली. शेवटी तीन पाकळ्यांचा खास स्क्रूड्रायव्हर मागवला आणि तो येईपर्यंत त्या स्क्रूकडे नुसता बघत बसलो. (तुमची बहीण म्हणाली, "रागाने बघून उघडला असता तर आपल्या घरातलं एकही झाकण बंद राहिलं नसतं.")

तुम्ही विचाराल, या वयात हा गृहस्थ व्हिडिओ गेमच्या पाठीमागे का लागला? दोष डॉक्टरांचा आहे. त्यांनी रक्तदाब बघून सांगितलं की हात गुंतवणारा एखादा शांत छंद लावून घ्या. कचेरीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या चुका काढतो आणि घरी माझ्या चुका काढायला तुमची बहीण आहे; अशा माणसाच्या हातांना काही कामच उरत नाही, हे डॉक्टरांनी बरोबर हेरलं. त्याच आठवड्यात रद्दी घालायला गेलो तर भंगारवाल्याच्या ढिगात तुमच्या गेमचा एक सख्खा भाऊ पडलेला दिसला. "न्या हो, मेलेला आहे तो," भंगारवाला म्हणाला आणि रद्दीच्या वजनात थोडी काटछाट करून त्याने तो मला फुकट दिला. घरी आणून स्पिरिट आणि कापसाच्या काड्यांनी त्याच्या सेलच्या खणातल्या पट्ट्या पुसल्या, नवे सेल घातले, आणि काय सांगू, 'टिंग' असा आवाज करून तो जिवंत झाला! मेलेल्याला उठवणाऱ्या माणसाचं पुढे जे होतं तेच माझं झालं. मी जिवंतांकडे वळलो.

आता आपल्या घरात आधीपासून जिवंत असलेला गेम एकच, तुमचा. घर सोडताना तुम्ही तो आईंकडे ठेवून गेलात आणि आत एकच कॅसेट सोडलीत, फळं झेलायची. (तुम्हाला आता आठवत नसेल म्हणून सांगतो: वरून फळं पडतात, खाली एक माळी टोपली घेऊन धावतो, एका फळाला दहा गुण, तीन फळं हुकली की डाव संपला. शेवटी आपलं एक चित्र निवडायचं आणि पहिल्या पाच आकड्यांत आपला आकडा बसला तर तो त्या चित्रासकट यादीत राहतो.) तुमचं चित्र मांजर. यादीत सगळ्यात वर मांजर, चार हजार एकशे दहा. आईंचं चित्र छत्री. खालच्या चारही ओळींत छत्र्याच छत्र्या, चार हजारांच्या आसपास, पण मांजराच्या खाली. लोकांच्या घरी परगावच्या मुलाचा फोटो भिंतीवर असतो. आईंकडे मांजर आहे. रोज दुपारचं जेवण झालं की त्या खुर्ची खिडकीशी ओढतात, दोन डाव खेळतात आणि डाव संपला की दरवेळी एकच वाक्य म्हणतात, "आजही नाही बाई गाठलं." मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, मी ते वाक्य ऐकत आलोय. म्हणताना त्या दुःखी दिसत नाहीत, एवढं मात्र माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

खुर्ची खिडकीशी का, तर त्या जुन्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. शेवाळी रंगाचा तो पडदा उन्हात धरला तरच दिसतो. ऊन सरकेल तशी आई खुर्ची सरकवतात. समोरच्या घरातल्या शिंपीणबाई खुर्ची कुठवर आली ते बघून चहा टाकतात. मला वाईट वाटलं. (सुधारणा करणाऱ्या सगळ्या लोकांना आधी वाईट वाटतं, मग ते दुसऱ्यांना वाटायला लागतं.) ठरवलं, आईंच्या गेमला आतून उजळणारा नवा पडदा बसवायचा, पिवळं पडलेलं कवच बदलायचं, बटणंही नवी. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला दिसतंय की." जावयाच्या उत्साहापुढे हा काही नकार नव्हे.

शिकवायला माझ्याकडे फोनमधला एक तरुण होता. त्याचा चेहरा कधी दिसत नाही, फक्त दोन हात, नखं स्वच्छ. मी त्याला हातवाला म्हणतो. हातवाला कुठलीही अवघड गोष्ट करण्यापूर्वी "ही अगदी सोपी पायरी आहे" म्हणतो आणि नंतर त्याचा हात चित्रातून नाहीसा होऊन काम झालेलं असतं. सोल्डरिंगचं सामान नाक्यावरच्या मोबाईलवाल्याकडून घेतलं. त्याने ते मोठ्या प्रेमाने बांधून दिलं. "करा साहेब, बिनधास्त करा. घरी केलेली कामं शेवटी आमच्याकडेच येतात."

मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि तुमचा गेम पालथा घातला. तीन पाकळ्यांचे स्क्रू एकेक करून बशीत काढले. त्यात आईंनी येऊन आपला चष्मा माझ्यापुढे ठेवला, दांडी सैल झाली होती. "हत्यारं काढलीच आहेत तर बघा जरा." मी म्हटलं, ठेवा, हातासरशी होऊन जाईल. (माझ्या कीर्तीची ही सुरुवात होती.) जुना पडदा निघाला. नवा पडदा जाडीला थोडा जास्त, तेव्हा कवचाच्या आतलं थोडं प्लास्टिक छाटावं लागतं, 'ही अगदी सोपी पायरी आहे', ते छाटताना मी चादर छाटली, चादरीखाली टेबल होतं. नवा पडदा जोडला तर पडदा लागला पण आवाज गेला. आवाजाची तार पुन्हा सोल्डर केली तर आवाज आला आणि पडदा गेला. दोघं एका घरात राहायला तयारच होईनात. तुमची बहीण दारात उभी राहून म्हणाली, "एकदा दोघांना समोरासमोर बसवून विचारा तरी, नक्की कशावरून बिनसलंय." संध्याकाळी कशाने कोण जाणे, समेट झाला. पण चित्र धुरकट. मी अर्धा दिवस आणखी उकलाउकल केली, स्पिरिट संपवलं, पडदा विकणाऱ्याला तीन कडक निरोप पाठवले, आणि मग तुमच्या बहिणीने नखाने पडद्यावरचं पातळ संरक्षक प्लास्टिक सोलून काढलं. चित्र लख्ख झालं. त्या विषयावर आमच्या घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे.

कवच बंद केलं आणि बशीत बघतो तर एक स्क्रू उरलेला! मी गेम हलवून पाहिला, काही वाजत नव्हतं. दाबून पाहिला, घट्ट होता. उरलेला स्क्रू सगळ्यांत बारीक होता आणि त्याच्या डोक्याला चक्क सरळ खाच होती. मी म्हटलं, त्या कंपनीत एक तरी सज्जन माणूस असणार. त्याच्या नावाने तो काडेपेटीत घालून ठेवला.

इथे थांबलो असतो तर आज हे पत्र चार ओळींचं झालं असतं. पण हातवाल्याने शेवटी एक गोष्ट सांगितली. कॅसेटच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो, त्याच्याच जिवावर ती आकड्यांची यादी टिकून राहते. आणि जुन्या कॅसेटमधला सेल कधीही मान टाकू शकतो. माझ्या अंगावर काटा आला. तुमचं मांजर एका म्हाताऱ्या सेलच्या आधाराने लोंबकळत होतं, आणि आईंना याची कल्पनाही नव्हती! मी लगेच नवा सेल आणला, कॅसेट उघडली, जुना सेल काढला आणि नवा बसवला. जुना काढल्यापासून नवा बसेपर्यंत यादी कशाच्या जिवावर राहणार, हा प्रश्न मला नवा बसल्यावर पडला. दादा, यादी पुसली जाऊ नये म्हणून मी यादी पुसली. पाचही ओळी कोऱ्या. नव्या पडद्यावर त्या कोऱ्या ओळी इतक्या स्वच्छ दिसत होत्या की काय सांगू!

मोबाईलवाल्याकडे धावलो. त्याने ऐकून घेतलं. "पुसलं ते पुसलं, साहेब. फोटो काढून ठेवला होता?" नव्हता. "मग लक्षात ठेवा आता." एवढा सल्ला देऊन त्याने माझ्याकडून काही घेतलं नाही, यावरूनच प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं ते कळावं.

आईंना सांगितलं, कवचाचा गोंद वाळतोय. (गोंद कुठेच लावला नव्हता.) दुपार झाली की त्या सवयीने खुर्ची खिडकीशी ओढायच्या आणि मोकळे हात मांडीवर ठेवून बसायच्या. एकदा नुसते अंगठे हलताना दिसले. ते बघवेना. तेव्हा मी ठरवलं की मांजर परत आणायचं. कोणीतरी चार हजार एकशे दहा गुण मिळवून मांजराचं चित्र निवडलं की झालं. यादीला काय कळतंय कोणाचे अंगठे होते ते. मी कचेरीत मधल्या सुट्टीत खेळलो, जिन्यात खेळलो, न्हाणीघरात नळ सोडून खेळलो. दोनशे ऐंशी. तीनशे साठ. मधेच एकदा चारशे दहा झाले तर मी नळासकट ओरडलो, आणि तुमच्या बहिणीने दार वाजवून मला मुद्देमालासह पकडलं. सगळं सांगितलं. तिने आधी नळ बंद केला, मग म्हणाली, "आणा इकडे." तिचे पाचशे वीस झाले. नंतर माझे सहाशे चाळीस! आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांच्या हातातून गेम ओढून घेत होतो. लग्नानंतर इतकं एकमत आमच्यात प्रथमच होत होतं. पण सहाशेच्या पुढे फळं अशी कोसळतात की तुम्ही त्या वयात चार हजार कसे गाठलेत आणि अभ्यास केव्हा केलात, हे कळत नाही. (तुमच्या गुणपत्रिका मी पाहिल्या आहेत. कळतं.)

आणि मग व्हायचं तेच झालं. गेम मी टेबलावर विसरलो, कचेरीतून येतो तो आई खुर्चीत, गेम हातात, यादी उघडलेली. पाचही ओळींत मांजर. सगळ्यांत वर, सहाशे चाळीस. आईंनी चष्मा सावरला. (चष्म्याची ती दांडी त्यांनी काळ्या दोऱ्याने बांधली होती. चष्मेवाल्याकडे जायचा त्यांना भारी कंटाळा.)

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मांजराला काय झालं? आजारी आहे का ते?"

तुमची बहीण पदर तोंडाला लावून आत पळाली. मी एकटा उरलो.

"सेल काढलात ना?" आईंनी विचारलं. मी मान हलवली. "जाताना सांगून गेला होता तो. 'आई, बाकी काहीही कर, त्या सेलला हात लावू नकोस.'" (दादा, ही गोष्ट माझ्या कानावर घालायला तुम्हाला एवढ्या वर्षांत सवड मिळू नये?) मग त्यांनी पडदा जरा लांब धरून बघितला, "उजेड बरा आहे," म्हणाल्या, आणि डाव सुरू केला. तुमची बहीणही हळूच येऊन मागे उभी राहिली. हजार झाले. दोन हजार झाले. आईंचे फक्त अंगठे हलत होते, बाकी सगळी बाई देवळातल्यासारखी स्वस्थ. तीन हजारांनंतर मला फळं दिसेनाशी झाली, नुसत्या रेघा. चार हजार. चार हजार शंभर. चार हजार एकशे दहा. आणि आईंनी गेम मांडीवर ठेवला. एक फळ पडलं, दुसरं पडलं, तिसरं पडलं. डाव संपला. त्यांनी शांतपणे चित्रं पुढे सरकवली, छत्री मागे टाकली, मांजरावर येऊन थांबल्या आणि बटण दाबलं.

"थांबलात कशाला?" मी न राहवून म्हटलं. "अजून चाललं असतं की!"

"त्याचा तेवढाच होता."

"पण आई, म्हणजे तुम्हाला पुढे जाता येतं?"

"जाईन की. आणि मग रोज दुपारी काय करू?"

त्यानंतर दोनतीन दिवसांत त्यांनी छत्र्या आपापल्या जागी लावून दिल्या, सगळ्या मांजराच्या खाली. माझी मांजरं एकेक करून यादीतून खाली ढकलली गेली. शेवटची ओळ राहिली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ही असू द्या तुमची, जावईबापू. पण आपलं चित्र घेऊन खेळा. दुसऱ्याच्या नावावर हरू नये माणसाने." मी गोगलगाय घेतली. पाचवी ओळ, गोगलगाय, सहाशे नव्वद. बघायला तरी याल.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाठीला जपा.

आपला,
(हल्ली घरात गोगलगाय म्हणून ओळखला जाणारा) तुमचा मेहुणा

ता. क. : सहज लिहितोय म्हणालो, ते खरं नाही. कामासाठी माणूस एवढं लिहीत नाही, काम असल्याशिवायही लिहीत नाही. गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर "यंदाही काही जमेलसं दिसत नाही" म्हणालात, आणि आई "काही घाई नाही रे" म्हणाल्या, ते मी शेजारी बसून ऐकलं. नवा पडदा अंधारात ठेवला तरी दिवाणखाना उजळतो इतका लख्ख आहे, पण आई अजून खुर्ची खिडकीशीच ओढतात. मी म्हटलं, आता उन्हाची गरज नाही. तर म्हणाल्या, "ऊन कुठे बघते मी. इथून वळण दिसतं रस्त्याचं." तेव्हा दादा, या. चार हजार एकशे दहा तुम्ही मोडल्याशिवाय त्या पुढे जायच्या नाहीत. चार हजार एकशे वीस केलेत तरी पुरे. सराव नसला तरी चालेल, दोन डावांत होणार नाही, तेवढे दिवस काढून या. आणि यातलं काही आईंना कळू देऊ नका.

दुसरा ता. क. : आईंनी पत्र वाचलं. मी ते टेबलावर ठेवून पाकीट आणायला आत गेलो होतो. (टेबल आणि मी, आमचं काही खरं नाही.) त्यांचा आग्रह आहे की मी एक दुरुस्ती करावी. ती त्यांच्याच शब्दांत देतो: "मला चार हजार एकशे दहाच्या पुढे जाता येत नाही. हात भरून येतो. जावई काहीही लिहितात." दुरुस्ती केली. मात्र 'या' हा शब्द खोडू का विचारलं, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

तिसरा आणि शेवटचा : पत्र वाचताना आईंचा चष्मा तीनदा घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी तो काढून दोरा घट्ट करायला घेतला, तेव्हा मी पहिल्यांदाच नीट बघितलं. दांडीच्या बिजागरीत भोक होतं आणि भोकात काही नव्हतं. तो रविवार आठवला, ती बशी आठवली. एका शब्दाने त्या मला बोलल्या नव्हत्या. आता त्या रात्रीचं जेवून पडल्या आहेत. काडेपेटी काढली आणि तो सरळ खाचेचा स्क्रू बिजागरीत ठेवून सुरीच्या टोकाने फिरवला. पहिल्या खेपेला बसला. चष्मा त्यांच्या उशाशी ठेवला आणि काळा दोरा गुंडाळून शिवणाच्या डब्यात परत टाकला.